मास्टोडॉनवर नवीन आहात? आधी सर्व्हर, मग माणसं, मग पोस्ट

मुलुंडच्या आमच्या वाचनालयात शनिवारी दुपारी आम्ही दोघं-तिघं जण लोकांच्या मोबाइल-इंटरनेटच्या अडचणी सोडवायला बसतो. मास्टोडॉन या सोशल नेटवर्कबद्दल तिथे एकच तक्रार फिरून फिरून येते: "खातं उघडलं, पण आत कोणीच नाही." खातं उघडून पाहावं तर क्रम उलटा झालेला असतो. आल्या आल्या 'नमस्कार, मी इथे नवीन' अशी पोस्ट, मग दोन दिवस उत्तराची वाट, मग ॲप काढून टाकलेलं.

फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उघडलं की ते स्वतःहून काहीतरी दाखवत राहतं. मास्टोडॉनचं होम पान तसं आपोआप भरत नाही. तुम्ही ज्यांना आणि ज्या टॅगना (# लावून लिहिलेल्या विषयाच्या शब्दांना) फॉलो केलंत त्यांच्याच पोस्ट तिथे येतात, तेही वेळेच्या क्रमाने. कोणालाच फॉलो केलं नसेल तर पान रिकामंच राहणार. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एका बैठकीत उरकायची घाई नको. टप्पा १ ते ३ एका दिवशी आणि बाकीचे आठवडाभरात, अशी विभागणी चांगली जमते.

## तयारी: ॲप उतरवण्याआधी

मास्टोडॉन फोन नंबर मागत नाही, ईमेलवर काम भागतं. हा ईमेल तुमचा स्वतःचा हवा. ऑफिसचा किंवा कॉलेजचा पत्ता दिलात आणि नोकरी बदललीत, की पासवर्ड परत मिळवायचा रस्ताच बंद होतो.

एक वही घ्या आणि तीन गोष्टी लिहून काढा.

- तुमचे चार-पाच विषय. 'सगळंच आवडतं' असं लिहू नका. 'ठाणे खाडीतले पक्षी', 'मराठी नाटक', 'गच्चीवरच्या कुंडीतल्या भाज्या' इतकं नेमकं हवं. टप्पा ४ मध्ये याच यादीवर सगळं उभं राहणार आहे.
- दोन ओळींची ओळख. काय करता, कशाबद्दल बोलायला आवडतं, कोणत्या भाषांत लिहिता.
- खात्याचं नाव. यात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर चालतात, आणि ते नंतर बदलता येत नाही. जन्मसाल, फ्लॅट नंबर किंवा मोबाइलचे शेवटचे आकडे त्यात घालू नका. वर दिसणारं नाव मात्र देवनागरीत ठेवता येतं आणि हवं तेव्हा बदलता येतं.

शक्य असेल तर पहिली मांडणी कॉम्प्युटरवर करा. नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये करा. खातं हलवणं, यादी उतरवून घेणं, टू-फॅक्टर सुरक्षा (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी) या गोष्टी शोधताना ॲपमध्ये लोक हमखास अडकतात.

## टप्पा १: सर्व्हर निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्यावर थोडं थांबू.

मास्टोडॉन एका कंपनीच्या एका जागी चालत नाही. हजारो वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतात. हाउसिंग सोसायट्यांसारखं समजा. प्रत्येक सोसायटीचे नियम वेगळे, सेक्रेटरी वेगळा, पण एका सोसायटीतली माणसं दुसरीतल्यांकडे ये-जा करू शकतात. मात्र एखाद्या सेक्रेटरीने शेजारच्या सोसायटीला गेट बंद केलं, तर तुमचीही तिथली भेट थांबते. सर्व्हरचे चालक दुसऱ्या सर्व्हरला असं खरोखर बंद करतात, बहुतेक वेळा तिथून येणाऱ्या त्रासामुळे.

म्हणून तुमचा पूर्ण पत्ता दोन भागांचा असतो: आधी तुमचं नाव, मग @ आणि सर्व्हरचं नाव. ईमेलसारखंच. कोणाला पत्ता सांगताना दोन्ही भाग सांगा. नुसतं नाव सांगितलंत तर त्याच नावाचा दुसऱ्या सर्व्हरवरचा भलताच माणूस सापडेल.

अधिकृत ॲपमध्ये नोंदणीचं मोठं बटण तुम्हाला बहुतेक वेळा थेट मास्टोडॉन डॉट सोशल या सर्व्हरवर नेतं. ते दाबलंत तर काही बिघडत नाही. पण निवडायचं असेल तर सर्व्हरचं 'अबाउट' पान उघडून हे बघा:

- नियम लिहिलेले आहेत का, आणि ते तुम्हाला पटतात का?
- चालवणारं कोण आहे, संपर्काचा पत्ता आहे का?
- कोणकोणत्या सर्व्हरना बंदी घातली आहे? बरेच सर्व्हर ही यादी तिथेच देतात.
- खर्च कसा भागतो? देणग्यांवर चालत असेल तर तसं लिहिलेलं असतं.

मास्टोडॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या यादीतल्या सर्व्हरनी काही अटी मान्य केलेल्या असतात. रोजचा बॅकअप, वंशद्वेष आणि लिंगभेदी मजकुरावर कारवाई, अडीअडचणीला सर्व्हर उघडू शकणारी आणखी किमान एक व्यक्ती, आणि बंद करायचा झाल्यास किमान ३ महिने आधी सूचना. मी पहिलं खातं काढलं तो सर्व्हर या यादीत नव्हता. एका सकाळी तो उघडलाच नाही, पुन्हा कधीच नाही. दीड वर्षाच्या पोस्ट गेल्या, त्याहून वाईट म्हणजे ओळखी गेल्या. म्हणून पहिला सर्व्हर या यादीतूनच घ्या, असं मी आग्रहाने सांगते.

इशारा: अगदी छोटा सर्व्हर नवख्या मराठी माणसाने टाळावा. टॅग शोधताना तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्या पोस्टच दिसतात. पन्नास माणसांच्या सर्व्हरवर मराठीत लिहिणाऱ्या कोणालाच कोणी फॉलो करत नसेल, तर 'मराठी' हा टॅग जवळपास रिकामा दिसतो. पोस्ट जगात असतात, पण तुमच्या गेटपर्यंत आलेल्या नसतात.

## टप्पा २: नोंदणी

काही सर्व्हर लगेच आत घेतात, काही 'तुम्हाला इथे का यायचं आहे?' असं विचारून अर्ज तपासतात. ही चौकट रिकामी सोडू नका. तुमच्या दोन ओळींची ओळख इथेच वापरा. चालकांना मराठी येत नसेल तर ती इंग्रजीत लिहा.

यानंतर ईमेलवर खात्री करायची लिंक येते. ती स्पॅममध्ये गेली आहे का, तेही बघा. लिंक न दाबलेलं खातं काही दिवसांनी पुसलं जातं.

आत आल्यावर पहिलं काम टू-फॅक्टर सुरक्षा सुरू करण्याचं. ऑथेंटिकेटर ॲपमधला (लॉगिनचे कोड देणाऱ्या ॲपमधला) कोड जोडला की रिकव्हरी कोडची, म्हणजे ते ॲप हाताशी नसताना आत यायच्या कोडची, एक यादी दिसते. ती कागदावर लिहा आणि घरी ठेवा. त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवून उपयोग नाही. गर्दीच्या लोकलमध्ये फोन गेला तर ऑथेंटिकेटरही गेला आणि स्क्रीनशॉटही गेला.

तपासा: लॉग आउट करून पुन्हा आत येता येतंय ना? कोड चालतोय ना? हे आजच बघा.

## टप्पा ३: कोणालाही फॉलो करण्याआधी प्रोफाइल भरा

तुम्ही एखाद्याला फॉलो केलंत की तो आधी तुमचं प्रोफाइल उघडतो. फोटो नाही, ओळख नाही, पोस्ट नाही असं खातं दिसलं की लोक त्याला बनावट समजतात आणि पुढे जातात. अनेकांची पहिली संधी अशीच वाया जाते.

फोटो, ओळख आणि आवडीचे दोन-तीन टॅग भरा. फोटो स्वतःचाच हवा असं नाही, झाडाचा किंवा पुस्तकाचाही चालेल. मग सेटिंगमध्ये जाऊन तीन बदल करा:

1. पोस्टची भाषा मराठी ठेवा. ही न बदलता मराठीत लिहिलंत तर पोस्टवर इंग्रजीचा शिक्का बसू शकतो. मग मराठी निवडून वाचणाऱ्यांना ती दिसत नाही, आणि इतरांना भाषांतराचं बटण नीट मिळत नाही.
2. 'प्रायव्हसी अँड रीच' मध्ये जाऊन सार्वजनिक पोस्ट शोधात दाखवायच्या का, ते ठरवा. मास्टोडॉनवर परवानगी दिलेल्या लोकांच्याच पोस्ट शब्दाने शोधता येतात. इतरांना तुम्ही सापडावं असं वाटत असेल तर ही खूण चालू करा.
3. फॉलो विनंती मंजूर करायची की दार उघडं ठेवायचं, ते ठरवा. याचा संबंध टप्पा ६ शी आहे.

## टप्पा ४: होम पान भरा

आता ती वही काढा. प्रत्येक विषयाचे दोन-तीन टॅग शोधा आणि टॅगलाच फॉलो करा. टॅगच्या पानावर वर फॉलोचं बटण असतं. हे केलं की त्या टॅगच्या पोस्ट थेट होम पानावर येऊ लागतात, लिहिणारा अनोळखी असला तरी.

मराठी टॅगमध्ये एक अडचण आहे. 'मुंबईलोकल' आणि 'मुंबई_लोकल' हे दोन वेगळे टॅग आहेत. ऱ्हस्व-दीर्घ बदललं की टॅग बदलला. शिवाय कित्येक मराठी माणसं रोमन लिपीतला टॅग वापरतात. म्हणून एकाच विषयाची देवनागरी आणि रोमन, दोन्ही रूपं शोधा. शब्दांमध्ये जागा सोडता येत नाही. जागा आली की टॅग तिथेच तुटतो.

दोन दिवस टॅग वाचा. मग त्यात सातत्याने चांगलं लिहिणारी माणसं निवडून त्यांना फॉलो करा. पहिल्या आठवड्यात तीस-चाळीस खाती पुरेत. एखादी व्यक्ती आवडली तर ती कोणाला उत्तरं देते, कोणाच्या पोस्ट बूस्ट करते (आपल्या फॉलोअरांकडे पुढे पाठवते) ते बघा. नवी माणसं शोधायला शोधचौकटीपेक्षा ही वाट जास्त उपयोगी पडते.

इथे नवखे लोक तीन ठिकाणी फसतात.

'याने तर काहीच लिहिलेलं नाही.' दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाचं प्रोफाइल तुमच्याकडे अर्धवट दिसू शकतं. जुन्या पोस्ट आणि फॉलोअरांची यादी अपुरी असते. प्रोफाइलच्या मेनूतून मूळ पान उघडा, तिथे सगळं दिसतं.

मूळ पानावर गेल्यावर तिथे फॉलो दाबणं. त्या सर्व्हरवर तुमचं खातं नाही, त्यामुळे तो लॉगिन मागतो. तुमचा पासवर्ड तुमच्या सर्व्हरखेरीज कुठल्याही पानावर टाकू नका. त्या पोस्टचा किंवा प्रोफाइलचा पत्ता कॉपी करा, आपल्या सर्व्हरच्या शोधचौकटीत चिकटवा आणि तिथून फॉलो करा.

नाव बघून विश्वास ठेवणं. एखाद्या सर्व्हरवर नाव मोकळं असेल तर ते कोणीही घेऊ शकतं. महापालिका, मुंबई पोलीस किंवा रेल्वे यांच्या नावाचं खातं दिसलं म्हणून ते त्यांचं होत नाही. प्रोफाइलमधल्या संकेतस्थळाच्या लिंकवर हिरवी खूण आहे का बघा. त्या संकेतस्थळानेही उलट या खात्याकडे बोट दाखवलं असेल तरच ती खूण येते. खूण असली तरी संकेतस्थळाचा पत्ता वाचा, कारण खूण फक्त त्या पत्त्यापुरती खरी असते.

तपासा: होम पान उघडून पाच मिनिटं खाली सरकत राहा. वाचण्यासारखं काही मिळालं का? नसेल तर अजून पोस्ट लिहू नका, याच टप्प्यावर आणखी दोन दिवस द्या.

## टप्पा ५: आधी उत्तरं, मग पोस्ट

'लोकल' पानावर फक्त तुमच्या सर्व्हरवरच्या पोस्ट असतात, 'फेडरेटेड' पानावर सर्व्हरला माहीत असलेल्या सगळ्या सार्वजनिक पोस्ट. दुसरं पान म्हणजे संध्याकाळी सहाचं दादर. एकदा बघून या, तिथे रेंगाळू नका.

सुरुवात उत्तरांनी करा. कोणी शिवडीच्या फ्लेमिंगोंचा फोटो टाकला असेल तर 'छान' एवढंच लिहू नका. किती वाजता गेला होतात, भरती होती की ओहोटी, असं विचारा. अशा प्रश्नाला उत्तर येतं, आणि ओळख तिथून सुरू होते.

पोस्टखालचा तारा, म्हणजे इथलं लाइक, दाबल्याने पोस्ट तुमच्या फॉलोअरांकडे जात नाही. लिहिणाऱ्याला तुम्हाला आवडल्याचं कळतं, एवढंच. पोस्ट पुढे जावी असं वाटत असेल तर बूस्ट करा. फेसबुकवरून आलेली माणसं नुसते तारे देत राहतात आणि चांगलं मराठी लेखन आहे तिथेच राहतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोनदा सांगते.

आता पहिली पोस्ट. ५०० अक्षरांची मर्यादा बहुतेक सर्व्हरवर असते. ओळखीची पोस्ट लिहा, तिला विषयांचे तीन-चार टॅग द्या. टाकल्यावर टॅग रंगीत झाला का ते बघा. अर्धाच शब्द रंगीत असेल तर मध्ये जागा किंवा चिन्ह आलंय. पोस्ट दुरुस्त करता येते, पुसायची गरज नाही. मात्र दुरुस्तीचा इतिहास इतरांना दिसतो.

एका पोस्टमध्ये ४ फोटो बसतात. प्रत्येक फोटोला वर्णन द्या, दृष्टिहीन वाचकांचं स्क्रीन रीडर तेच वाचतं. 'फोटो' असं लिहू नका. 'माटुंग्याच्या फुलबाजारात शेवंतीच्या टोपल्या, मागे वेणी गुंफणाऱ्या बाई' असं लिहा. वर्णन उगाच फुलवू नका, पण दिसतंय ते सांगा.

दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. ३० दिवसांपेक्षा नवीन खात्यांच्या सूचना बाजूला टाकायची सोय आता मास्टोडॉनमध्ये आहे आणि बरेच जण ती वापरतात. तुमचं उत्तर तिथे पडून असेल. तुमच्याकडेही 'फिल्टर केलेल्या सूचना' असा कप्पा असतो, तो आठवड्यातून एकदा उघडा.

## टप्पा ६: कोणाला काय दिसतं, हे पक्कं करा

प्रत्येक पोस्ट लिहिताना ती कोणासाठी आहे ते निवडता येतं. सार्वजनिक पोस्ट सगळीकडे जाते. शांत सार्वजनिक पोस्ट कोणालाही वाचता येते, पण टॅगच्या आणि लोकल पानांवर झळकत नाही. लांब लेखमालेत पहिली पोस्ट सार्वजनिक आणि पुढच्या शांत ठेवल्या की इतरांचं पान तुमच्या एकट्याच्या पोस्टनी भरत नाही. फक्त फॉलोअर म्हणजे नावाप्रमाणे. पण फॉलोचं दार उघडं असेल तर अनोळखी माणूस फॉलो करून ती वाचू शकतो. म्हणून घरगुती लिहायचं असेल तर टप्पा ३ मधली मंजुरीची खूण चालू हवी.

चौथा प्रकार खाजगी उल्लेख. हा व्हॉट्सॲपसारखा संदेश नव्हे. पोस्टमध्ये ज्यांचा पत्ता @ लावून आला, त्या सगळ्यांना ती जाते. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी मैत्रिणीला लिहिलं, 'अमुक बाईंना क्लासबद्दल इतक्यात सांगू नकोस', आणि अमुक बाईंचा पूर्ण पत्ता @ सकट टाकला. पोस्ट थेट त्या बाईंकडे पोचली. तिसऱ्याबद्दल लिहिताना @ काढून नुसतं नाव लिहा.

इशारा: खाजगी उल्लेख एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. दोन्हीकडच्या सर्व्हरचे चालक ते वाचू शकतात. आधार, पॅन, ओटीपी, बँकेचे तपशील, घरचा पत्ता यातलं काहीही तिथे लिहू नका. पैशांची फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा.

मुंबईत राहणाऱ्यांसाठी आणखी एक. 'रोजची ८.१२ची जलद, महिलांचा मधला डबा' अशी सहज लिहिलेली ओळ, सोसायटीच्या नावाचा बोर्ड, मुलांच्या स्कूलबसचा नंबर: एकेकटं काही वाटत नाही, पण तीन पोस्ट जोडल्या की तुमचा दिनक्रम कोणालाही कळतो. प्रवासाचे फोटो घरी पोचल्यावर टाका.

## पावसाळ्यातल्या दिवसांसाठी

जोराचा पाऊस लागला की हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे यांचे फोटो फिरू लागतात. त्यातले कित्येक मागच्या वर्षांचे असतात. बूस्ट करण्याआधी पोस्टच्या वेळेवर दाबून पूर्ण तारीख बघा आणि लिहिणारा स्वतः तिथे आहे का, ते विचारा. स्वतः टाकत असाल तर ठिकाण, दिशा आणि वेळ मजकुरात लिहा: 'सायन स्टेशनबाहेर पश्चिमेला, दुपारी २.४०, घोट्यापर्यंत पाणी.' पाणी ओसरलं की त्याच पोस्टमध्ये दुरुस्ती करा.

अपघाताचे किंवा जखमींचे फोटो टाकू नका. त्याबद्दल लिहायचंच असेल तर पोस्टवर कंटेंट वॉर्निंग (मजकूर झाकून वर दिसणारी सूचना) लावा, म्हणजे वाचणारा ठरवून उघडेल. आणि स्वतः अडकला असाल तर पोस्ट नंतर लिहा, आधी महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाला १९१६ वर फोन लावा.

## टप्पा ७: त्रास, गोंगाट आणि आवराआवर

नको असलेल्या शब्दाला फिल्टर लावता येतो, ठरावीक मुदतीसाठीही. मॅच नंतर पाहायची असेल तर संघांची नावं एका दिवसासाठी फिल्टर करा. माणूस चांगला आहे पण चार दिवस फार बोलतोय, तर त्याला मुदतीचं म्यूट करा. त्याला कळत नाही. त्रास देणाऱ्याला ब्लॉक करा आणि तक्रारही करा. नुसतं ब्लॉक केलंत तर सर्व्हरच्या चालकांना काही कळत नाही. तक्रारीत संबंधित पोस्ट निवडा आणि मराठी मजकूर असेल तर त्याचा अर्थ दोन ओळींत इंग्रजीत सांगा. तपासणाऱ्याला मराठी येत नसेल तर शिवीसुद्धा त्याच्या लक्षात येणार नाही.

फॉलो वाढले की याद्या करा. यादीत आपण फॉलो केलेली माणसंच घालता येतात, आणि यादीतल्या पोस्ट होम पानावरून लपवायची सोयही आहे. बातम्यांची खाती अशी बाजूला काढली की होम पानावर माणसांचा आवाज पुन्हा ऐकू येतो.

## टप्पा ८: बॅकअप आणि सर्व्हर बदलणं

महिन्यातून एकदा ब्राउझरमधून 'इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट' उघडा आणि फॉलो, ब्लॉक, म्यूट आणि बुकमार्कच्या याद्या उतरवून घ्या. पोस्ट आणि फोटोंची पूर्ण प्रत दर ७ दिवसांनी एकदा मागता येते.

सर्व्हर बदलायचा झाला तर क्रम असा:

1. नव्या सर्व्हरवर खातं उघडा, प्रोफाइल भरा.
2. नव्या खात्याच्या सेटिंगमध्ये जुन्या खात्याचा पूर्ण पत्ता 'अलियस' म्हणून नोंदवा.
3. जुन्या खात्यातून सगळ्या याद्या उतरवा.
4. त्या नव्या खात्यात चढवा. 'मर्ज' निवडा. 'ओव्हरराइट' निवडलंत तर तिथे आधी केलेले फॉलो पुसले जातात.
5. सगळ्यात शेवटी जुन्या खात्यातून 'मूव्ह' करा.

फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे येतात, त्याला काही तास लागू शकतात. पोस्ट मात्र येत नाहीत, त्या जुन्या खात्यावरच राहतात. एकदा हलवल्यावर पुन्हा हलवायला ३० दिवस थांबावं लागतं, म्हणून 'मूव्ह' दाबण्याआधी नव्या खात्याचा पत्ता अक्षर-अक्षर ताडून बघा.

जुनं खातं लगेच पुसू नका. पुसलंत तर त्या पोस्ट जातात, आणि ते नाव त्या सर्व्हरवर पुन्हा कधीच घेता येत नाही, तुम्हालासुद्धा.